विहिरीतली गार

सासऱ्यांनी पुरून ठेवलेल्या मडक्यातल्या चकमकीच्या गारा संपल्या, त्या वर्षी आमची मुलगी नुकती रांगायला लागली होती. मडकं परसात लिंबाच्या बुडाशी गळ्यापर्यंत मातीत होतं. तोंडावर गोणपाटाचा तुकडा, त्यावर चपटा दगड. माझ्या यजमानांनी गुडघे टेकून कोपरापर्यंत हात आत घातला, तळ चाचपला आणि तीन गारा बाहेर काढल्या. त्यातली एक मधोमध तडकलेली होती.

"झालं," ते म्हणाले. "बा ठिवून गेल्ता ते संपलं."

आम्ही लोहार. सोलापूरजवळच्या वळसंगपासून कोसभर आत आमचं गाव. नांगराचे फाळ, खुरपी, विळे, गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा हे रोजचं काम. त्याच्या जोडीला बंदुका दुरुस्त करायचा परवाना होता, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. बंदुका म्हणजे ठासणीच्या, चकमकीच्या. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजानं ठासायचे. घोड्याच्या जबड्यात कातड्यात गुंडाळून गार बसवायची. चाप ओढला की घोडा पडतो, गार समोरच्या पोलादाला घासते आणि ठिणग्या खालच्या वाटीतल्या बारीक दारूवर पडतात, तेव्हा कुठे बार निघतो. बाकी बंदूक कितीही चोख असली आणि गार निकामी असली तर हातात नुसता दांडा. गारेऐवजी तांब्याच्या टोपीनं बार उडवणाऱ्या बंदुका तोवर आल्या होत्या, पण त्या टोप्या सोलापूरच्या दुकानातून परवाना दाखवून आणाव्या लागत. रानोमाळ मेंढरांमागं हिंडणाऱ्याला ते जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे आसपासच्या गावांतल्या सात-आठ जुन्या बंदुका तशाच चालू होत्या. कुणाची डुकरांपासून पीक राखायला, कुणाची लांडग्यांपासून मेंढरं राखायला. आणि या सगळ्यांना गारा आमच्या घरातून जात.

सासरे मी पाहिले नाहीत. मानमोडीच्या तापाच्या साथीत ते दोन दिवसांत गेले. तेव्हा मालक पंधरा वर्षांचे होते. आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणत, मीही तसंच लिहिते. सासऱ्यांनी त्यांना लोखंड शिकवलं होतं, दगड शिकवायचे राहून गेले होते. गारा कुठून आणायच्या, कुठली घ्यायची, कुठली टाकायची, यातलं काही मालकांना माहीत नव्हतं. मडक्यात भरपूर होत्या, तोवर माहीत असायची गरजही पडली नाही. आणि त्या मातीत का पुरायच्या, हेही कुणी विचारलं नव्हतं. मालकांना वाटायचं, चोराच्या भीतीनं.

दिवाळी झाली की सांगोल्याकडून धनगरांची मेंढरं आमच्या शिवारात उतरत. त्यांतल्या एका म्हाताऱ्याकडे आज्याच्या वेळेची बंदूक होती. तो दर वर्षी अंगणात येई, घोंगडं पसरून बसे, मूठभर गारा घेई आणि जाताना माझ्या सासूबाईंना लोकरीची एक गुंडाळी देऊन जाई. आम्ही त्याला मामा म्हणायचो. त्या वर्षी मामा आला तेव्हा मडक्यातल्या शेवटच्या दोन गारा वापरून झाल्या होत्या. मालकांनी ओढ्यातून पांढऱ्या गारा वेचून आणल्या, फोडल्या, त्यातल्या टोकदार बघून पाच त्याला दिल्या. मामानं एक उजेडाला धरली. फिरवून बघितली. कंबरेच्या पिशवीत टाकली.

महिन्याभरानं तो परत आला. मी चुलीपुढं होते, मुलगी मांडीवर. तो भट्टीपाशी उभा राहिला आणि पिशवीतून एक पांढरा तुकडा काढून ऐरणीवर ठेवला. तुकड्याची धार पार भुगा झाली होती.

"तीन डाव चाप वढला," तो म्हणाला. "तिन्ही डाव नुस्तं खट वाजलं. लांडगा हितं हुता, त्या भात्याइतका जवळ. सात मेंढरं नेली. आन कुत्रीला फाडलं."

मालक खाली बघत उभे होते.

"किती वर्साची हुती कुत्री?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"नऊ. माज्या सुनंच्या आदी घरात आली."

मग तो मालकांना म्हणाला, "लव्हारा, तुज्या बानं मला असलं दिलं नसतं. न्हाईत म्हनला असता."

आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीच्या आवाजात बोलला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि गेला. ते शब्द मालकांच्या आत कुठं जाऊन बसले ते मला पुढचे दोन दिवस कळत होतं. ते जेवले, काम केलं, मुलीला खेळवलं, पण ऐरणीवरचा तो तुकडा त्यांनी उचलला नाही. तो बाजूला सरकवून काम करत राहिले. शेवटी मीच तो उकिरड्यावर टाकला.

त्यानंतर गारांचा शोध सुरू झाला. हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात त्यातच गेली. कुणी म्हणालं ओढ्यात, कुणी म्हणालं माळावर. एकदा आम्ही दोघं शेजारी राहणाऱ्या दिराची गाडी जुंपून भीमेच्या पात्रात गेलो. मुलगी सासूबाईंजवळ ठेवली होती. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनीच मिळून कुठं जायची ती पहिली वेळ. पात्रात पाणी कमी होतं, गोट्यांचे ढीग उघडे पडले होते. पांढरे, लाल, पट्ट्यापट्ट्यांचे, काही तर इतके सुंदर की मी मुलीसाठी दोन वेचून ठेवले. पलीकडच्या काठाला कानडी बोलणारी बाई धुणं धूत होती. आम्ही दोघं वाकून वाकून दगड वेचतोय हे बघून ती हसली.

"कल्लु बेका?" तिनं ओरडून विचारलं. दगड पाहिजेत का?

मालकांना कानडी येत होतं. "बेकु, बेकु," ते ओरडले आणि तेही हसले. तिनं तिच्या धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवलं, हा न्या म्हणून. त्या दिवशी आम्ही खूप हसलो. आज आठवलं की मला तेच पहिल्यांदा आठवतं.

पोतंभर दगड आणले. मालकांनी एकेक फोडून पोलादावर घासून पाहिला. लाल दगड बरी ठिणगी द्यायचे, पण पाच-सहा घावांत बोथट. पट्ट्यांचे तर पट्ट्यावरूनच दुभंगायचे. पांढऱ्यांचा भुगा. ते मला प्रत्येक दगड दाखवायचे आणि मी मान डोलवायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बघून बघून कळायला लागलं. दगडावर दगड वाजवला की काही थप्प वाजतात आणि काही टण वाजतात, हे आधी माझ्या लक्षात आलं. नदीतले सगळे थोडेफार थप्पच वाजत.

"उनानं मेल्यात ही," मी एकदा सहज म्हटलं. "वाळल्या मडक्यावानी वाजत्यात."

"दगूड कुटं मरतो व्हय?" ते म्हणाले.

चैत्रात शेजारच्या शिवारात एका शेतकऱ्याची नवी विहीर खणायला सुरू झाली. बायका पाट्या उचलायला जात होत्या, मीही जाऊ लागले. वरची काळी माती गेली, मुरूम गेला, मग खडक लागला. खडकात सुरुंग लावून जो ढिगारा वर यायचा त्यात एक दिवस मला नारळाएवढा गोळा दिसला. वरून हिरवट, खरखरीत, अगदी ओंगळ. त्याचा एक कोपरा सुरुंगानं उडाला होता आणि तिथून आतलं अंग दिसत होतं. धुरकट, थोडं मधासारखं, कडेला उजेड पार जात होता. मी दुसऱ्या दगडानं टकटक केलं. टण. आणि हाताला गार लागला, भर दुपारी, पाणी लागलेल्या मडक्यासारखा ओला. तेव्हा मला परसातलं सासऱ्यांचं मडकं आठवलं आणि त्यांनी ते मातीत का पुरलं ते कळलं. चोरासाठी नव्हतं ते. गार ओली राहावी म्हणून होतं.

मी तो गोळा पदरात बांधला आणि पाटी तिथंच टाकून घरी आले. मुकादम मागून ओरडत होता.

मालकांनी कोपऱ्यातून एक कपचा काढला आणि पोलादावर घासला. भट्टी विझलेली होती, आत अंधारं होतं. ठिणग्यांचा असा झोत पडला की मुलगी दचकली आणि मग हात पुढं करून हसायला लागली. ते पुन्हा पुन्हा घासत राहिले. वीस झाले, तीस झाले, धार तशीच. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, तू आनलीस ही! तू!"

मला त्यांनी कधी हात धरून काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी धरला, सासूबाई समोर असताना.

मग ते दारात उजेडाला बसले. मांडीवर कातडं घेतलं, गोळा त्यावर ठेवला, लहान हातोडी घेतली. मी म्हटलं, जेवून घ्या आधी. ते म्हणाले, एक काढतो, नीट चौकोनी, मामा येईल त्याला दावायला. मामा यायला अजून सहा महिने होते. मी आत गेले. दोन-तीन घाव ऐकले. मग घाव थांबले.

बाहेर आले तर ते उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून बसले होते. "काय न्हाय," म्हणाले. "बारीक कण गेला."

सासूबाईंनी सांगितलं म्हणून मी अंगावरचं दूध त्यांच्या डोळ्यात पिळलं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला आणि सुजून बंद झाला. तिसऱ्या दिवशी त्यांना वेदनेनं बसवेना, तेव्हा दिराची गाडी घेऊन सोलापूरला दवाखान्यात नेलं. निघताना सासूबाई गाडीचं चाक धरून मला म्हणाल्या, "माज्या लेकाचा डोळा काडून आनू नगंस. तुला मुलीची आन हाय."

डॉक्टर वयानं मोठे होते, शांत. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मग आम्हा दोघांना समोर बसवलं.

"दगडाचा कण आत खोल गेलाय," ते म्हणाले. "या डोळ्यानं आता कधीच दिसणार नाही. हा काढून टाकायला हवा. नाहीतर दुसराही जाऊ शकतो."

"दुसऱ्याला काय झालंय?" मी विचारलं. "दुसरा तर चांगला हाय की."

"आज चांगला आहे. एका डोळ्याला अशी जखम झाली की काही वेळा दुसराही त्याच्या मागं जातो. असं का होतं ते मलाही नीट सांगता येणार नाही, बाई. पण मी ते पाहिलंय. दहा-बारा दिवसांच्या आत हा काढला तर दुसरा वाचेल."

मालक माझ्याकडे बघत होते, एका डोळ्यानं. ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "न्हाय. काडायचा न्हाय."

"पुन्हा विचार करा," डॉक्टर म्हणाले.

"केला," मी म्हटलं.

सासूबाईंनी आण घातली होती, हे खरं. त्यावर मी पुष्कळ वर्षं सगळं ढकललं. पण इथं लिहायला बसले आहे तर खरं लिहिते. मी वीस वर्षांची होते. माझ्या डोळ्यांपुढं आलं ते एवढंच, की माझ्या नवऱ्याच्या तोंडावर खड्डा असेल आणि बाजारात बायका माझ्याकडे वळून बघतील. फुटका असला तरी डोळा जागेवर असावा असं मला वाटलं. एक डोळा दुसऱ्याला कसा घेऊन जाईल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

डॉक्टरांनी औषध दिलं, कण असलेल्या डोळ्याला पट्टी बांधली आणि आम्ही गाडीत बसून परत आलो.

वीस दिवसांत ठणका गेला. डोळा पांढरट झाला, पण जागेवर होता. सासूबाईंनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. मालक उठून कामाला लागले आणि पहिलं काम म्हणजे मला घेऊन त्या विहिरीवर गेले. शेतकऱ्यानं ढिगारा उपसायला हरकत घेतली नाही. आम्ही दोघांनी चार दिवस ढीग पालथा घातला. हिरवट सालीचे गोळे मी शोधायची, टणटण वाजवून त्यांच्या हातात द्यायची. ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणायचो आणि आणल्या आणल्या मडक्यात टाकून मडकं पुन्हा मातीत. फोडताना ते आता डोळ्यांवर जाळीदार फडकं बांधत. मी त्यांना म्हणायची, हे आधी सुचलं असतं तर. ते म्हणायचे, "आता सुचलं की."

ते तीन महिने चांगले गेले. हे वाचून कुणाला खोटं वाटेल, पण चांगले गेले. गावोगावचे बंदूकवाले येऊन गारा घेऊन गेले. एकानं सांगितलं, त्याच्या गारेनं पन्नास बार काढले. मालकांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. सासऱ्यांचं नाव त्यांनी पहिल्यांदाच न दबता घेतलं: "बाची गार बी अशीच हुती."

श्रावणात एका दुपारी ते भट्टीसमोरून उठून अंगणात आले आणि म्हणाले, "धूर लई झालाय आत." मी आत जाऊन पाहिलं. धूर नव्हता.

दोन दिवसांनी त्यांना उन्हाकडे बघवेना. डावा डोळा लाल झाला, पाणी गळू लागलं. मला तेव्हाच कळलं. मी चुलीपुढं बसून राहिले, भाकरी करपली तरी कळलं नाही. सासूबाईंना काही सांगितलं नाही. दिराकडे गाडी मागितली.

डॉक्टर तेच होते. त्यांनी आम्हाला ओळखलं. दिव्याचा उजेड डोळ्यात टाकून पाहिलं, औषधं दिली, आठ दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. उजवा डोळा आता काढला, पण उशीर झाला होता. मी कधीचीच वाट बघत होते की डॉक्टर मला म्हणतील, मी सांगितलं होतं. ते म्हणाले असते तर मी पाय धरले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. ते काहीच म्हणाले नाहीत. निघताना मला एवढंच सांगितलं, "त्यांना एकटं सोडू नका. जिन्याबिन्यावरून जपून न्या." आमच्या घराला जिना नव्हता.

दिवाळीपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळत राहिलं होतं.

मामा त्या वर्षीही आला. गेल्या वर्षीच्या बोलण्यावरून येणार नाही असं वाटलं होतं, पण आला, अंगणात घोंगडं पसरलं. मालक ओट्यावर बसले होते, पटका उजव्या डोळ्यावर ओढून. मामाच्या लक्षात काही आलं नाही, कारण ते आवाजाच्या रोखानं तोंड वळवायला शिकले होते. त्यांनी मला मडक्यातल्या गारा आणायला सांगितलं. मी ओंजळभर आणल्या. त्यांनी एकेक अंगठ्याच्या नखावर फिरवली, दोन बाजूला काढल्या आणि तिसरी मामाच्या पुढं केली.

"घोड्याला लाव आन बग," म्हणाले.

मामानं बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, गार कातड्यात बसवली आणि चाप ओढला. ठिणग्या पडल्या.

"पडल्या का?" मालकांनी विचारलं.

"पडल्या की."

"किती पडल्या?"

"लई." मामा हसला. "हां. ही तुज्या बाची गार. आता कसं!" आणि मग त्याचं हसू थांबलं. बंदूक मांडीवर ठेवून तो मालकांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"कशानं?" त्यानं विचारलं.

"गार फोडताना," मालकांनीच सांगितलं.

"माज्यापायी व्हय रं?"

"न्हाय मामा. माज्याच घाईनं." मालक म्हणाले. "तुजं कुत्रं गेलं ना माज्यापायी. आता गारा घिऊन जा. समद्या घिऊन जा."

म्हातारा गारा न घेता तसाच बसून राहिला. त्यानं मालकांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता.  मुलगी ओट्यावरून उतरून बंदुकीच्या कुंद्याला हात लावायला गेली, तिला मी ओढून घेतलं. शेवटी मामानं पाच गारा घेतल्या, नेहमीएवढ्याच.

पुढच्या वर्षभर मी गारा फोडल्या. मांडीवर कातडं, डोळ्यांवर फडकं. मालक शेजारी बसून प्रत्येक घावाचा आवाज ऐकत. "तिरका मार," म्हणत, नाहीतर "ही टाकून दे, चिरली ही." दगड मुठीत धरूनच ते सांगत, यात चीर आहे का. जिभेला लावून बघत. मला वाटतं, सासऱ्यांना जे येत होतं ते त्यांना अखेर आलं होतं. पण तोवर घ्यायला येणारे कमी झाले. नंतर सोलापुरात गडबड झाली, लष्कर आलं, असं आम्ही ऐकलं आणि काही दिवसांनी पाटलानं सांगितलं की गावोगावच्या बंदुका तालुक्याला जमा करायच्या आहेत. गेलेल्या बंदुकांतल्या एक-दोनच परत आल्या. मामा त्या हिवाळ्यात रस्त्यानं जाताना दिसला, मेंढरांमागं, हातात नुसती काठी. त्यानं लांबूनच हात वर केला. मालकांना मी सांगितलं, मामा चाललाय. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी चुकीच्या बाजूला हात हलवला.

मडकं भरलेलं असतानाच आम्ही गाव सोडलं. भट्टी दिरानं घेतली. सोलापुरात मला मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात काम मिळालं, आणि सात रस्ता चौकाच्या बाजूला एका लोहाराच्या भट्टीवर मालकांना भाता ओढायला बसवलं. स्वतःच्या भट्टीचा धनी दुसऱ्याच्या भात्यावर. मी सकाळी त्यांना हात धरून तिथं सोडायची आणि मिलच्या भोंग्याला धावायची. दुपारी शेजारची तेलगू बाई, पद्मशाली विणकरांतली, त्यांना भाकरी नेऊन द्यायची. तिचं मराठी मोडकं आणि माझं तेलगू तर शून्य, पण तिनं कधी एक दिवस चुकवला नाही. मुलगी नगरपालिकेच्या शाळेत जायला लागली आणि तिच्या पाटीवरच मी अक्षरं शिकले. म्हणून हे लिहिता येतंय.

मालक कुरकुर करत नसत. भट्टीवरचा लोहार मला म्हणायचा, लोखंड तापलं की नाही ते तुझा नवरा मला सांगतो, आवाजावरून. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

सुट्टीच्या एका दिवशी मी त्यांचं डोकं धूत होते. मुलगी बाहेर खेळत होती. मी सात वर्षं जे विचारलं नव्हतं ते कसं कोण जाणे तोंडातून आलं.

"त्या दिवशी मी नको म्हनले नसते तर?"

 पाणी त्यांच्या मानेवरून गळत होतं. मी लोटा धरून तशीच उभी.

"मला बी काडायचा नव्हता," ते म्हणाले. "भ्या वाटत हुतं. पर मी बोललो न्हाय. तू बोललीस. मी म्हनलं, बरं झालं, हिनं म्हनलं." मग म्हणाले, "ते तुज्यावर ऱ्हाईलं. मी ठिवलं."

मी त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं. दुसरं काय करणार? मन हलकं झालं असं काही झालं नाही. उलट मला त्यांचा राग आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि त्या रागाचीच मला लाज वाटली. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांना कळलं असणार. तिसऱ्या दिवशी भट्टीकडे नेताना त्यांनी नेहमीसारखा माझा खांदा धरला आणि आम्ही चालायला लागलो.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. थंडीच्या दिवसांत छातीत कफ भरला आणि आठ दिवसांत संपलं. भट्टीवरच्या लोहारानं दुकान बंद ठेवलं आणि खांदा दिला. गावाकडून दीर आले, सासूबाई आल्या नाहीत. त्यांना उठवत नव्हतं. दहावं झाल्यावर मी मिलमध्ये हजर झाले.

मुलगी आता स्वतः आई आहे. तिला बापाचं भात्यावरचं रूप आठवतं, डोळस बाप आठवत नाही. ती अधूनमधून विचारते, "बाबांचे डोळे कसे होते गं? माझ्यासारखे का?"

मी सांगते, हो, तुझ्यासारखेच, थोडे घारे. पण मला खरंच माहीत नाही. आमच्या वेळी नवऱ्याच्या डोळ्यांत असं सरळ कोण बघत होतं? लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मी त्यांच्याकडे नीट बघितलं असेल ते तो डोळा लाल झाल्यावरच, पट्टी सोडताना, औषध घालताना. डोळे मिटून आठवायला बसले की मला तोच दिसतो. दुसरा, धड असलेला, कितीही प्रयत्न केला तरी दिसत नाही.